वन-शॉट तीनरंगी कॅमेऱ्याचे जिलेटिन फिल्टर खराब झालेत, नवे कसे बसवायचे?

हडपसरकर

नमस्कार मंडळी. डेव्हिन कंपनीचा ६.५ × ९ सेंमीचा तीनरंगी वन-शॉट कॅमेरा चालू स्थितीत आणायचा आहे. हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लेन्समागे दोन पेलिकल (अतिपातळ पडद्याचे, अर्धा प्रकाश आरपार सोडणारे) आरसे तिरके बसवलेले असतात. ते प्रकाशाचे तीन वाटे करतात आणि तीन फिल्म-होल्डरांत एकाच क्षणी लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन काळीपांढरी निगेटिव्ह मिळतात. माझ्याकडच्या कॅमेऱ्याची लेन्स डॉग्मार एफ/४.५ आहे, शटर बरोबर चालतं आणि दोन्ही पेलिकल शाबूत, ताणलेले आहेत.

अडचण फिल्टरची. प्रत्येक फिल्टर म्हणजे दोन काचांमध्ये चिकटवलेलं जिलेटिन. निळा पार उडालाय, राखाडी-जांभळी झाक तेवढी उरली आहे. हिरव्यात कडांपासून आत साधारण १२ मिमीपर्यंत नेच्याच्या पानासारखी नक्षी पसरली आहे. लाल रंगाने चांगला दिसतो, पण चिकट पिवळा पडलाय आणि एका कोपऱ्यात इंद्रधनुषी वलयं आहेत. मायक्रोमीटरने जाडी मोजली: ३.२, ३.२ आणि ३.१ मिमी.

प्रश्न असे. नव्या जिलेटिनचे रॅटन नंबर (फिल्टरच्या रंगांचे ठरलेले नंबर) २५ लाल, ५८ हिरवा, ४७ निळा असे धरायचे का? काचा काढून टाकून नुसतं ०.१ मिमीचं जिलेटिन चौकटीत बसवलं तर चालेल का? काचाच ठेवायच्या असतील तर त्या न फोडता सोडवायच्या कशा? आणि परत चिकटवायला कॅनडा बाल्सम (झाडाच्या राळेचा पारदर्शक चिकट) घ्यावा की अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा चिकट? मी न्यू जर्सीत आहे, त्यामुळे सामान मिळायला अडचण नाही.

---

भिंगकर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक कॅमेरे तिथेच बिघडवले जातात. नुसतं जिलेटिन बसवू नका. या कॅमेऱ्यात फिल्टरची काच हा प्रकाशमार्गाचा भाग आहे.

समांतर काच वाटेत आली की प्रतिमा मागे सरकते. किती, तर जाडी गुणिले (१ − १/वक्रीभवनांक). काचेचा अंक १.५२ धरला तर ३.२ मिमीला हे सरकणं जवळजवळ १.१ मिमी येतं. ०.१ मिमी जिलेटिनला ०.०३ मिमी. म्हणजे काच काढली की प्रतिमा लेन्सकडे १ मिमीहून थोडी जास्त सरकणार आणि फिल्म मात्र होती तिथेच राहणार. १४० मिमीच्या लेन्सला याचा अर्थ असा की अनंताच्या खुणेवर लावलेला कॅमेरा प्रत्यक्षात १८-१९ मीटरवर फोकस होईल. खरं अनंत गाठायला लेन्स अजून मागे घ्यावी लागेल, आणि तिथे अटकाव असतो.

तिन्ही फिल्टर एकसारखे बदलले तर निदान बिघाड तिन्हीकडे सारखा राहतो. खरी गडबड एकच फिल्टर बदलल्यावर होते. समजा फक्त निळा काचेशिवाय बसवला. एफ/४.५ ला निळ्या निगेटिव्हवर बिंदूचा ठिपका सुमारे ०.२३ मिमीचा होईल. एफ/१६ ला तो ०.०७ मिमीच्या आत येतो, त्यामुळे काम भागलं असं वाटतं. पण त्या निगेटिव्हवरची प्रतिमा बाकी दोघांपेक्षा सुमारे ०.७५ टक्के मोठी पडलेली असते, आणि हा फरक छिद्र कितीही लहान केलं तरी जात नाही. मध्यापासून ४५ मिमीवर तो ०.३ मिमीहून जास्त भरतो. छापताना मधोमध रंग जुळतात आणि कडांना निळी-पिवळी किनार येते. मग लोक पेलिकलला दोष देतात आणि त्याचे स्क्रू फिरवतात. तिथून कॅमेरा परत जागेवर आणणं फार अवघड.

तुमच्या मापांतला ०.१ मिमीचा फरक त्रासाचा नाही. एकमेकांत ०.२ मिमीपर्यंत सांभाळलं तर पुरे.

म्हणून जुन्या काचा जपा. एखादी फुटलीच तर फक्त तिची जोडीदार शोधत बसू नका. एकाच तावातून तिन्ही फिल्टरच्या सहाही काचा कापून घ्या आणि एकूण जाडी मूळची ठेवा. काच किंचित पाचरीसारखी असली तर फिल्टर फिल्मपासून किती दूर आहे त्यावर परिणाम ठरतो. १० कलांची (अंशाच्या सहाव्या भागाची) पाचर फिल्मपासून १० मिमीवर असेल तर प्रतिमा ०.०१५ मिमी सरकते, ६० मिमीवर असेल तर ०.०९ मिमी. डेव्हिनसारख्या मांडणीत फिल्टर होल्डरजवळ असेल तर चांगली साधी काच चालून जाते.

फिल्टर काढताना जी खिडकी उघडायची ती जमिनीकडे तोंड करून ठेवा. जिलेटिनचा भुगा आणि सुटलेला बाल्सम खाली पडेल, पेलिकलवर नाही. पेलिकलवर धूळ दिसली तरी राहू द्या. रबरी फुग्याने मारलेला एक जोरदार झोतही तो फाडू शकतो. आणि ॲसिटोनची बाटली त्या खोलीतही नको. जुने पेलिकल नायट्रोसेल्युलोजचे असतात, ॲसिटोन ते विरघळवतं, नुसत्या वाफेनेही पडदा सैल पडू शकतो.

---

काचकाम

भिंगकरांशी पूर्ण सहमत. काचा सोडवण्याचं मी सांगतो.

आधी प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात, चौकटीखाली झाकला जाईल अशा जागी, हिऱ्याच्या टोकाने बारीक खूण करा: कोणता फिल्टर, लेन्सकडची काच कोणती, वरची बाजू कोणती. मार्करची शाई जायलीनमध्ये (बाल्सम विरघळवणाऱ्या द्रवात) निघून जाते. कडेला काळी कागदी पट्टी असेल तर ती कोरडीच, स्कालपेलने चिरून काढा. पाणी लावलंत तर ते कडेतून आत शिरतं, जिलेटिन फुगतं आणि काचेवर ताण येतो.

हिरवा फिल्टर सर्वांत सोपा, कारण कडांचा बाल्सम आधीच सुटलाय. झाकण लागणाऱ्या काचेच्या भांड्यात जायलीन घ्या, फिल्टर कडेवर उभा ठेवा आणि वाट पाहा. जायलीन केशाकर्षणाने आत सरकतं. दोन-तीन दिवस, कधी आठवडाही लागतो. पातं घालून उचकटू नका. काचा एकमेकींवरून बाजूला सरकायला लागल्या की त्या सुटल्या असं समजा. हे काम उघड्या हवेत करा. साधे नायट्राइल हातमोजे जायलीनपुढे टिकत नाहीत, थेंब पडला की लगेच बदला. चिमटा वापरलेला बरा.

निळ्याचं जिलेटिन तसंही गेलेलं आहे, तिथे उष्णता चालेल. थंड ओव्हनमध्ये जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सुती कापड, त्यावर फिल्टर. २० मिनिटांत ६० अंश, पुढच्या तासाभरात हळूहळू १०० अंश. बाल्सम मऊ झाला की जाड कापडी हातमोज्याने वरची काच आडवी सरकवा. नंतर दोन्ही काचा ओव्हनमध्येच बंद दाराआड थंड होऊ द्या. गार फरशीवर ठेवलेली गरम काच तडकते आणि तडा नेमका मधून जातो. ज्या जिलेटिनचा रंग वाचवायचा आहे त्याला मात्र ५० अंशांपुढे नेऊ नका.

काचेवर उरलेला बाल्सम जायलीनने पुसा. त्यानंतर ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून काच भिजवली की जिलेटिन सुटतं. कठीण केलेलं जिलेटिन हटत नसेल तर घरातलं ब्लीच पाण्यात मिसळून पाच मिनिटं ठेवा, सोडियम हायपोक्लोराइट जिलेटिन खाऊन टाकतं. मग भरपूर पाणी, शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल.

आता लालबद्दल. पिवळा पडलेला बाल्सम निळा प्रकाश शोषतो, आणि लाल फिल्टर तो प्रकाश तसाही अडवतो. त्यामुळे लाल निगेटिव्हचं पिवळेपणाने काहीच बिघडत नाही. वलयं कोपऱ्यात, चित्राबाहेर असतील तर लाल फिल्टर उघडू नका. हिरव्यात पिवळेपणाचा फरक थोडा पडतो. निळ्यात तोच थर भरपूर प्रकाश खातो. निळ्यातले जांभळे रंग मुळातच उजेडाला कमी टिकतात, त्यात वरून हे. पाहणी नेहमी निळ्यापासून सुरू करावी ती यासाठी.

---

हडपसरकर

दोघांचेही मनापासून आभार. लाल तसाच ठेवतो, वलयं चित्राच्या चौकटीबाहेर आहेत. मग नवा निळा आणि नवा हिरवा जुन्या लालशी जुळतील याची खात्री कशी करायची? आणि चिकटाचं ठरलं नाही अजून.

---

वर्णपट

नंबरांबद्दल. प्रत्यक्ष देखाव्याचं चित्रण करायचं असेल तर २५, ५८ आणि ४७ हाच नेहमीचा संच. २९ (लाल) आणि ६१ (हिरवा) यांचे पट्टे अरुंद, एक्स्पोजर वाढतं, इथे त्यांचा उपयोग नाही. निळ्यासाठी ४७ मिळाला नाही तर ४७बी चालतो, मात्र निळ्या निगेटिव्हला सुमारे एक-तृतीयांश स्टॉप कमी प्रकाश मिळेल (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). मूळ कॅमेऱ्यात पेलिकल किती प्रकाश परत फेकतात त्यावर तिन्ही वाटांचं गणित बसवलेलं असतं. म्हणून नंबर बरोबर निवडला तरी समतोल मोजावाच लागतो.

कोणत्या खिडकीत कोणता रंग होता ते आत्ताच लिहून ठेवा. तिन्ही वाटांना मिळणारा प्रकाश सारखा नसतो, त्यामुळे अदलाबदल केली तर समतोल ढासळतो.

तुकडे ७५ मिमीचे मागवू नका. तुमच्या काचेची लांबी ९० मिमीच्या वर असणार, १०० मिमीचा चौकोन लागेल. जिलेटिनऐवजी पॉलिएस्टरचे तीनरंगी फिल्टर घेतले तरी चालतात, ते दमट हवेला आणि बोटांना जास्त टिकतात. नाटकाच्या दिव्यांसाठी विकले जाणारे रंगीत ताव मात्र घेऊ नका. डोळ्याला हिरवे-निळे दिसणारे बरेच ताव गडद लालही सोडतात, आणि पॅनक्रोमॅटिक (सगळे रंग टिपणारी) फिल्म ते टिपते. घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. नवा हिरवा जुन्या लालवर ठेवून तेजस्वी दिव्याकडे पाहा. जवळजवळ काळं दिसलं पाहिजे. निळा लालवर ठेवला तर आणखी काळं. तपकिरी किंवा लालसर उजेड आला तर तो ताव बाजूला काढा. जमलं तर सीडीच्या तुकड्याचा साधा वर्णपटदर्शक बनवून पट्टे कुठे तुटतात ते पाहा: २५ साधारण ५९० नॅनोमीटरच्या पुढे उघडतो, ५८ चं शिखर ५३० च्या आसपास, ४७ चं ४४० च्या आसपास. तिन्ही फिल्टर ७०० च्या पुढचं अवरक्त सोडतात. नेहमीच्या फिल्मला ते दिसत नाही, पण फिल्मच्या जागी डिजिटल बॅक लावणार असाल तर अवरक्त अडवणारी काच लागेल. ती तिन्ही वाटांना सारखी, लेन्सच्या पुढेच लावा.

काचेत रंग असलेले फिल्टर किंवा डायक्रोइक (काचेवरच्या पातळ थरांनी रंग वेगळे करणारे) असा एक मोह होतो, कारण ते कधी उडत नाहीत. लालसाठी काच चांगली मिळते, पण ५८ आणि ४७ शी जुळणारी काच योग्य जाडीत मिळणं कठीण. डायक्रोइकचा पट्टा तिरक्या किरणांना निळ्याकडे सरकतो. तुमच्या लेन्सचा कोपऱ्यातला कोन सुमारे २१ अंश आहे. तिथे ६०० नॅनोमीटरची कड दहाएक नॅनोमीटरने सरकेल आणि कोपऱ्यांचा रंग बदलेल.

फिक्स केलेल्या फिल्मच्या जिलेटिनमध्ये रंग मुरवून घरी फिल्टर करण्याच्या कृती जुन्या पुस्तकांत आहेत. टार्ट्राझिनसारखे रंग त्यासाठी वापरलेही जायचे. पण किराणा दुकानातला खाण्याचा पिवळा रंग घेऊ नका. त्यात भर म्हणून मीठ घातलेलं असतं आणि जिलेटिन वाळल्यावर त्याचे स्फटिक उमटतात. शुद्ध रंग घेतला तरी समान थर येणं आणि घनता नेमकी साधणं अवघड. एवढ्या चांगल्या कॅमेऱ्यासाठी मी ते सुचवणार नाही.

समतोल असा तपासा. एकाच खोक्यातली पॅनक्रोमॅटिक फिल्म तिन्ही होल्डरांत भरा. दुपारच्या उन्हात करडा कार्ड आणि पायऱ्यांची करडी पट्टी चित्राच्या मधोमध घेऊन एक एक्स्पोजर द्या. तिन्ही एकत्र डेव्हलप करा. मग करड्या कार्डाची घनता मोजा. समजा हिरव्याची ०.२० ने जास्त आली आणि तुमचा गॅमा (डेव्हलप केलेल्या फिल्मचा कॉन्ट्रास्ट) ०.६५ आहे. ०.२० भागिले ०.६५ म्हणजे ०.३१. हिरव्याच्या वाटेत ०.३० चं न्यूट्रल डेन्सिटी (रंग न बदलता प्रकाश कमी करणारं) जिलेटिन घाला, म्हणजे एक स्टॉप. ०.१० म्हणजे एक-तृतीयांश स्टॉप. पुढच्या चाचणीत तिघांत ०.०५ पेक्षा जास्त फरक नसावा. हे जिलेटिन त्याच काचांच्या आत ठेवा, ०.१ मिमीने जाडीला धक्का लागत नाही. म्हणूनच ही चाचणी काचा चिकटवण्याआधी, कडेला तात्पुरती पट्टी लावून करायची.

निळ्या निगेटिव्हच्या पायऱ्या बाकीच्यांपेक्षा चपट्या येतात. तो फिल्टरचा दोष नाही, निळ्या प्रकाशात फिल्मचा कॉन्ट्रास्टच कमी असतो. करडा कार्ड जुळून पांढरा आणि काळा सुटत असतील तर निळ्याला डेव्हलपरमध्ये वेळ वाढवा, आधी २० टक्क्यांनी. तिथे न्यूट्रल डेन्सिटी घालत बसलात तर कधीच जुळणार नाही.

---

काचकाम

चिकटाबद्दल माझं मत: बाल्सम. पुढे कोणाला तरी हा फिल्टर परत उघडावा लागणार आहे आणि बाल्सम जायलीनने सुटतो. वेळ लागतो, तो द्यायचा.

जिलेटिन काचेपेक्षा चारी बाजूंनी २ मिमी लहान कापा, म्हणजे कडेला बाल्समचा बंद बांध तयार होतो आणि दमट हवा आत शिरत नाही. कापताना दोन स्वच्छ कागदांच्या मध्ये धरा. बोटाचा ओलसर ठसा उमटला की जात नाही. चिकटवण्याआधी २४ तास सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. एक कात्रण जायलीनमध्ये तासभर बुडवून पाहा, वरचा लॅकर पांढरट होत असेल तर त्या जिलेटिनला बाल्सम लावू नका.

काच ४५ अंशांपर्यंत कोमट करून मध्यभागी अर्धा मिलीलिटर बाल्सम, मग जिलेटिन एका कडेकडून हळूहळू खाली, वर परत अर्धा मिलीलिटर, आणि दुसरी काच. बुडबुडा दिसला तर दाबू नका, काच किंचित तिरकी करून त्याला कडेकडे जाऊ द्या. वर सपाट लाकडी ठोकळा आणि किलोभर वजन, दोन दिवस. नंतर ४० अंशांवर दोन-तीन आठवडे. जायलीनला बाहेर पडायला फक्त कडाच असतात. तापमान वाढवून घाई केलीत तर कडेला बुडबुड्यांची रांग येते.

अतिनील चिकटच घ्यायचा असेल तर एनओए ६१ सारखा प्रकाशीय कामाचा घ्या, मोबाइलची काच चिकटवायचा नको. त्याला पूर्ण घट्ट व्हायला प्रति चौरस सेंमी ३ जूल लागतात, म्हणजे ५ मिलिवॉट प्रति चौरस सेंमीच्या ३६५ नॅनोमीटर दिव्याला दहा मिनिटं. जिलेटिन अतिनील अडवतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटं द्यावी लागतात. एकाच बाजूने दिला तर मागचा थर ओला राहतो आणि काही महिन्यांनी काच सरकते.

---

भिंगकर

मी इथे थोडा वेगळा विचार करतो. चिकटवूच नका. जिलेटिन कोरडं, कडेला ०.१ मिमी कागदाची बारीक चौकट घालून दोन काचांत ठेवा आणि बाहेरून फिल्मोप्लास्ट पी९० सारख्या आम्लमुक्त पट्टीने बांधा. कागदाच्या चौकटीमुळे काच आणि चकचकीत जिलेटिन एकमेकांना टेकत नाहीत आणि न्यूटनची (इंद्रधनुषी) वलयं येत नाहीत. हवेला लागणारे चार पृष्ठभाग वाढतात, प्रत्येकी ४ टक्के धरले तर पाव स्टॉपच्या आसपास प्रकाश जातो. मात्र तुमचा लाल चिकटवलेलाच राहणार, म्हणून वरच्या चाचणीत हा पाव स्टॉप आपोआप मोजला जाईल अशा बेताने चाचणी अंतिम बांधणीतच करा. उन्हासमोरचं चित्रण जास्त करणार असाल तर काचकाम म्हणतात तो बाल्समच बरा, कोरड्या बांधणीत धूसरपणा वाढतो. स्टुडिओत, दिव्यांवर काम असेल तर कोरडंच. ५ वर्षांनी निळा उडाला की पट्टी चिरून अर्ध्या तासात नवा घालता येतो.

---

गिरगावकर

मी मुंबईत. माझ्याकडे वन-शॉट नाही, पण जुन्या रोलायकॉर्डचे पिवळा आणि हिरवा असे दोन बायोनेट फिल्टर आहेत, त्यांच्यातही अशीच नक्षी पसरली आहे. हीच पद्धत चालेल का? आणि इथे जायलीन कुठे मिळेल?

---

काचकाम

आधी ते खरंच दोन काचांचे आहेत का ते पाहा. भिंगाखाली कडेने पाहिलं तर मधली रेघ दिसते. रंग काचेतच असेल आणि वर नुसती बुरशी असेल तर उघडायला काही नाही, आयसोप्रोपिलने पुसा. चिकटवलेला असेल तर मागची कडी किंवा तारेची रिंग काढून काच बाहेर घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे जायलीन. धातूच्या कडीसकट बुडवू नका, खोबणीतला काळा रंग निघतो. हे फिल्टर लेन्सच्या पुढे बसतात, त्यामुळे परत चिकटवताना काचा समांतर राहणं डेव्हिनपेक्षा इथे जास्त महत्त्वाचं. वजन एकीकडे झुकू देऊ नका.

जायलीन प्रिन्सेस स्ट्रीटच्या प्रयोगशाळा-रसायनांच्या दुकानांत विचारा. पॅथॉलॉजीच्या स्लाइड बनवणारे ते रोज वापरतात, कॅनडा बाल्समही तिथेच मिळायला हवा. चिकटवण्याचं काम पावसाळ्यात काढू नका. जून ते सप्टेंबर जिलेटिन हवेतलं पाणी ओढून घेतं, ते तसंच काचांत कोंडलं गेलं की आत बुरशी धरते. ऑक्टोबर उजाडू दे, तोवर काचा सोडवून, पुसून, सिलिका जेलमध्ये ठेवून द्या.